‘कोणता भाता, बाब?’ : फोंड्यातील पेटी-दुरुस्तीचा अनुभव

आमच्या भजनी मंडळाची जुनी पेटी (हार्मोनियम) गोव्यातील फोंड्याला दुरुस्तीला देताना मी ‘भाता फुटला आहे’ एवढेच सांगितले. त्यावर कारागिराने विचारले, ‘कोणता भाता, बाब? बाहेरचा की आतला?’ पेटी योग्य हाती पडल्याची खात्री मला त्या प्रश्नानेच पटली.

भाता हा शब्द संस्कृत भस्त्रा, म्हणजे चामड्याची पिशवी, यावरून आला आहे; म्हणूनच लोहाराचा भाता आणि बाणांचा भाता मराठीत एकाच नावाने ओळखले जातात. पेटीवाले मात्र तो शब्द काटेकोरपणे वापरतात. वादक हाताने मारतो तो बाहेरचा भाता हवा ओढून आत ढकलतो. आतला भाता ती साठवतो, आणि त्यावरील स्प्रिंगांचा दाब कायम राहत असल्यामुळे हात क्षणभर थांबला तरी सूर तुटत नाही. दोहोंमधील झडपा हवेला परतू देत नाहीत. पॅरिसच्या देबॅं यांनी 1842 साली पेटंट घेतलेल्या हार्मोनियमला पायांनी हवा द्यावी लागे; जमिनीवर बसून वाजवता येणारी हातभात्याची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास घडवली. पायपेटी आणि हातपेटी हा आपल्याकडील भेद भाता कशाने चालतो यावरूनच पडला आहे.

आमच्या पेटीचा बाहेरचा भाता धडधाकट होता. पावसाळी दमटपणाने आतल्या भात्याच्या घडीवरचे चामडे सुटले होते, आणि आम्ही मात्र वर्षभर जोरजोराने हात मारून ती गळती झाकत होतो. कारागिराने चामडे व झडपा बदलल्या, सुरांना, म्हणजे हवेने वाजणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना, हात लावला नाही, कारण त्याची गरज नव्हती. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. सगळे खटके (हवेची वाट उघडझाप करणाऱ्या खुंट्या) बंद करून, भाता भरून, हवा किती वेळ टिकते हे त्याने माझ्यासमोर दाखवले. नामवंत पेटीवादक पंडित तुळशीदास बोरकरांचे बोरी गाव ज्या तालुक्यात आहे तिथे पेटीची अशी निगा राखली जावी, याचा मनापासून आनंद झाला.

दहा दिवसांचे काम तीन आठवडे लांबले आणि सप्ताहासाठी दुसरी पेटी मागून आणावी लागली, ही तक्रार मात्र खरी आहे. श्रावणापूर्वी पेटी द्यायची असल्यास ज्येष्ठातच नेऊन द्यावी, आणि पावतीवर बाहेरचा व आतला भाता वेगवेगळा लिहून घ्यावा.