आखात की इंग्लंड? गणित शिक्षकांसाठी तुलना

कागदपत्रे: अमिरातीसाठी पदवी राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय, मग यूएई दूतावास अशी साक्षांकित होते, टप्पा चुकला की फेरी वाया. इंग्लंडमधील सरकारी शाळा क्यूटीएस, म्हणजे तिथला पात्र शिक्षकाचा दर्जा, बघतात. २०२३ पासून भारतातील गणित शिक्षक ११ ते १६ वयोगटासाठी त्याचा थेट अर्ज करू शकतात.

शिकवणे: खरा फरक इथेच. अमिरातीतील सीबीएसई शाळेत अभ्यासक्रम ओळखीचाच. इंग्लंडच्या जीसीएसईत, म्हणजे साधारण सोळाव्या वर्षी होणाऱ्या शालान्त परीक्षेत, गणिताचे तीन पेपर, त्यांतल्या दोनांत कॅल्क्युलेटर चालतो; शिवाय फाउंडेशन आणि हायर असे स्तर. पाठांतरावर भर देणारा शिक्षक तिथे डेमो तासातच अडखळतो.

पैसा: अमिरातीत पगारावर प्राप्तिकर नाही. इंग्लंडमध्ये कर, भाडे आणि व्हिसासोबतचा आरोग्य अधिभार.

चार वर्षांत गृहकर्ज फेडायचे असेल तर आखात. अध्यापनाची पद्धतच बदलायची तयारी असेल तर इंग्लंड.