नाकाडाजवळचं पातं: एओए व्हेनचा परखड आढावा

प्रवासी विमानाच्या नाकाडाच्या बाजूला छोटं पातं दिसतं, तीच एओए (अँगल ऑफ अटॅक) व्हेन, म्हणजे समोरून येणारी हवा पंखाला कोणत्या कोनात भिडते ते मोजणारा सेन्सर. वारा येईल तसं ती वळते आणि आतला रिझॉल्व्हर पात्याच्या दांड्याचा कोन विद्युत संकेतात बदलतो. रचना साधी, प्रतिसाद चटकन, त्यामुळे यंत्र म्हणून पैकीच्या पैकी गुण. नाकाडाभोवती हवा वळते, म्हणून मिळालेला कोन संगणकाला दुरुस्त करून घ्यावा लागतो. विमान उभं असताना पातं कुठेही लोंबतं. तो आकडा सोडून द्यायचा.

बर्फासाठी हीटर आहे, पण आत शिरलेल्या पाण्यापुढे त्याचं फारसं चालत नाही. नोव्हेंबर 2008 मध्ये फ्रान्समधल्या पर्पिन्याँजवळ कोसळलेलं एअरबस ए320 विमान आधी सेन्सर न झाकता धुतलं होतं. पाणी गोठलं, तीनपैकी दोन पाती एकाच कोनात अडकली आणि संगणकाने नेमका चांगल्या तिसऱ्याचा आकडा बाद ठरवला. बहुमताचा असाही घोळ! तेव्हा धुण्याआधी आवरण घाला, पाण्याचा झोत थेट मारू नका, आवरण काढल्याची नोंद करा.

सेन्सर बदलल्यावर पातं ठरावीक कोनांवर धरून वाचन ताडून पाहणं टाळूच नये. 2018 च्या लायन एअरच्या बोइंग 737 मॅक्स विमानाच्या अपघातात बसवलेला सेन्सर सुमारे 21 अंशांनी चुकत होता. त्या विमानातली एमकॅस, म्हणजे नाक आपोआप खाली झुकवणारी प्रणाली, एका वेळी एकाच व्हेनवर विसंबून होती, हा दोष मात्र पात्याचा नव्हे, ते वापरणाऱ्या रचनेचा.