दोन उन्हाळे, एक आलेख: मसाल्याच्या दुकानाच्या वेबसाइटचा १६ महिन्यांचा अनुभव

गूगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली वेबसाइट गूगलवर कशी दिसते ते सांगणाऱ्या गूगलच्याच टूलमध्ये, मागच्या १६ महिन्यांचीच आकडेवारी दिसते. आमच्या वेबसाइटला आता बरोबर १६ महिने झाले, म्हणजे यापुढे सुरुवातीचे दिवस त्या आलेखातून एकेक करून गळत जाणार. आत्ता त्यात दोन उन्हाळे शेजारी शेजारी दिसतात. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही महिन्याला १२,००० रुपये मोजून बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्यांच्या वेबसाइटवरून आमच्याकडे येणाऱ्या लिंका, बनवून घेत होतो. यंदाच्या उन्हाळ्यात एकही लिंक विकत घेतली नाही. दोन्ही एकत्र दिसतायत तोवर लिहून ठेवते.

सासरचं दुकान लालबागला, मसाल्याचं. मिरची, धणे, खडा मसाला, आणि मागच्या बाजूला कांडप. मार्च ते मे हा आमचा हंगाम. पावसाआधी वर्षाचा मसाला करून ठेवायला माणसं पिशव्या घेऊन रांगेत उभी असतात. पण जुनं गिऱ्हाईक आता लालबाग-परळला फारसं उरलेलं नाही. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि माणसं विरार, डोंबिवली, बदलापूरकडे सरकली. आज्यांना आमचं दुकान पाठ होतं. त्यांच्या सुना आणि नाती मोबाइलवर शोधतात. त्यांना आपण सापडलो पाहिजे, एवढ्यासाठी वेबसाइट काढली आणि ती माझ्याकडे आली.

एसईओचं, म्हणजे गूगलच्या शोधात वर दिसण्याचं, काम एका एजन्सीला दिलं. तीन महिन्यांत पहिल्या पानावर आणू, दर महिन्याला १०० बॅकलिंक देऊ, सगळ्या ४०च्या वरच्या डोमेन ऑथॉरिटीच्या, असं पॅकेज होतं. त्या वेळी मला यातलं काही कळत नव्हतं. आज कळतं ते सांगते. पहिला क्रमांक देण्याची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय. आणि डोमेन ऑथॉरिटी हा मॉझ नावाच्या कंपनीने काढलेला १ ते १०० मधला अंदाज आहे. गूगल तो आकडा वापरत नाही. कुणी तोच आकडा पुढे करून भाव सांगत असेल तर तिथेच थांबा.

महिन्याच्या महिन्याला एक्सेल शीट यायची. हिरव्या रंगात ‘पहिल्या क्रमांकावर आलेले १२ शब्द’. मी खूश व्हायचे, घरी सगळ्यांना दाखवायचे. पाचव्या महिन्यात एकदा रात्री नीट वाचायला बसले. त्या १२ पैकी सात शब्दांत आमच्या दुकानाचंच नाव होतं. जो आमचं नाव टाकून शोधतो त्याला आम्ही दिसणारच, त्यासाठी पैसे कशाला? उरलेले पाच म्हणजे लांबलचक इंग्रजी वाक्यं, जी कुणी शोधतच नाही.

मग लिंका उघडत गेले. एक परदेशातल्या छपरांच्या दुरुस्तीवरचा लेख होता, मधल्याच एका वाक्यात ‘बेस्ट मसाला इन मुंबई’ आणि त्यावर आमची लिंक. पुढची लिंक एका फर्निचरच्या साइटवर, तेच चार शब्द. त्यापुढच्या ३० तर नुसत्या रिकाम्या प्रोफाइल होत्या, नाव आणि लिंक, बाकी काही नाही. शंभरातल्या साठेक लिंकांवर हेच चार शब्द. मसाल्याच्या दुकानाबद्दल खरोखर लिहिणारी साठ माणसं साठही वेळा तेच चार शब्द वापरतील का? मला चार क्लिकमध्ये जे दिसलं ते गूगलला दिसत नसेल, हे मनाला पटेना.

आणि ते त्याला दिसतंच. लिंकला किंमत आहे ती मुळापासून. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांचं पेजरँक उभं आहे ते एका साध्या कल्पनेवर: एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेली लिंक म्हणजे एक मत, आणि ज्याला स्वतःला भरपूर मतं आहेत त्याचं मत जास्त वजनाचं. मतांना किंमत आली की मतं विकणारे आले. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन अपडेट आणून अशा लिंकांवर उभ्या असलेल्या साइट खाली ढकलल्या. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन मुख्य अल्गोरिदमचाच भाग आहे आणि साइट खाली ढकलण्यापेक्षा ती लिंक मोजायचीच नाही, असा त्याचा रोख आहे. पैसे देऊन घेतलेल्या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ अशी खूण कोडमध्ये लावायची सोयही २०१९ मध्ये केली. आमच्या एकाही लिंकला ती नव्हती. त्यामुळे आमचं झालं ते असं: सजा झाली नाही, फायदाही नाही. सात महिन्यांचे ८४,००० रुपये न मोजल्या गेलेल्या मतांवर गेले. हंगामातल्या आमच्या दोन कामगारांच्या पगाराएवढी ही रक्कम, म्हणून जीव तुटतो.

त्याहून जास्त त्रास काम बंद केल्यावर झाला. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, एजन्सीने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. सर्च कन्सोलचे मालक तेच, मला फक्त बघण्याची परवानगी. पाच आठवडे फोन, मेल, विनवण्या, तेव्हा कुठे डोमेन ट्रान्स्फरचा कोड हातात पडला. हे वाचणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला हात जोडून सांगते, डोमेन तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर घ्या. डोमेनच्या सेटिंगमध्ये सर्च कन्सोलने दिलेली एक ओळ (डीएनएस रेकॉर्ड) टाकून तिथली मालकी तुमची करा आणि काम करणाऱ्याला ‘फुल’ युजर म्हणून घ्या. गूगल बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे गूगलच्या नकाशात आणि शोधात दिसणाऱ्या दुकानाच्या माहितीवर, त्याला मॅनेजर ठेवा. चावी आपल्याकडेच राहू द्या.

त्या जुन्या लिंकांचं काय करायचं, हा घोर होता. ‘या लिंका मोजू नका’ असं गूगलला कळवायच्या डिसअव्हाउ टूलची माहिती काढली. त्यात नको असलेल्या डोमेनची यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये द्यायची असते. पण मॅन्युअल ॲक्शनचा, म्हणजे गूगलच्या माणसांनी केलेल्या कारवाईचा, रिपोर्ट स्वच्छ होता आणि बहुतेक साइटना या टूलची गरज पडत नाही असं गूगलच म्हणतं, म्हणून हात लावला नाही. आजवर काही बिघडलेलं नाही.

आता यंदाच्या उन्हाळ्याबद्दल. सगळं बदललं ते दुकानातल्या फोनमुळे. हंगामात दिवसाला दहा-पंधरा वेळा एकच प्रश्न यायचा, ‘ताई, मिरची आम्ही आणली तर कुटून द्याल का?’ आणि आमच्या वेबसाइटवर त्याचं उत्तरच नव्हतं! एजन्सीने इंग्रजीत ‘स्पाइस ग्राइंडिंग सर्व्हिस’ एवढं लिहून ठेवलं होतं. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये शब्दांची यादी बघितली, तर माणसं शोधत होती ‘मिरची कांडप’, ‘मसाला डंकन’, ‘मसाला कुटून मिळेल’. काही देवनागरीत, बरीच रोमन अक्षरांत, त्यातही एकाच शब्दाची चार-चार स्पेलिंगं. त्या शब्दांवर आम्ही दिसत होतो, पण पार सहाव्या-सातव्या पानावर, म्हणजे न दिसल्यातच जमा.

म्हणून सप्टेंबरात मराठीत एक पान लिहिलं. मिरची किती उन्हं दाखवून आणायची, देठ काढून आणायचे, कमीत कमी किती किलो, रांग कधी कमी असते, दर काय, बंद कधी. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सांगत जायचं आणि मी लिहीत जायचं. दर स्पेलिंगसाठी वेगळं पान करायचा मोह आवरला. एकच पान सगळ्या स्पेलिंगांवर दिसायला लागलं.

लगेच मात्र नाही. तीन आठवडे ते पान ‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ असंच अडकून होतं, म्हणजे पान आहे हे गूगलला माहीत, पण आत येऊन वाचलेलं नाही. चूक माझीच निघाली. त्या पानाकडे माझ्याच वेबसाइटवरून कुठूनही वाट नव्हती. मुख्य पानावरून आणि मिरचीच्या प्रत्येक पानावरून लिंक दिली, सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून पान वाचायची विनंती टाकली आणि चार दिवसांत पान आत गेलं. बाहेरच्या सातशे लिंका विकत घेतल्या आणि घरातल्या घरात चार लिंका द्यायला कुणाला सुचलं नव्हतं.

फोटो चार-चार एमबीचे होते ते वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात करून हलके केले. पानावरची मोठ्यात मोठी गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसावी, असा गूगलचा निकष आहे. लोकलमध्ये नेटवर्क जात-येत असताना पान उघडणाऱ्या बाईसाठी ते हवंच.

खऱ्या लिंका नऊ महिन्यांत नऊ आल्या. बहुतेक एकाच पानाला: ब्याडगी रंगाला का आणि तिखटाला का नाही, संकेश्वरी कशात घालतात, लवंगी किती घातली की जाळ होतो, याचा तक्ता. पाककृती लिहिणाऱ्या एका बाईंनी विचारलं होतं की घरचा मसाला सहा महिन्यांत काळवंडतो का. बाबांनी सविस्तर सांगितलं, ओल आणि उजेड, बरणीत खडा हिंग कसा ठेवायचा ते. त्या बाईंनी आपल्या लेखात आमची लिंक दिली, न मागता. त्या एका लिंकवरून आजही माणसं येतात. छपरांच्या साइटवरून कधी एक माणूस आलं नव्हतं.

आकडे सांगायचे तर गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये गूगलवरून ४१ क्लिक होते, यंदाच्या एप्रिलमध्ये ६१२. मोठ्या कंपन्यांपुढे हे काहीच नाही. आमच्या दुकानाला पुरेसं आहे.

सर्च कन्सोलच्या तक्रारीही आहेत. पक्के आकडे दोन-तीन दिवस उशिरा येतात. फार थोड्या लोकांनी शोधलेले शब्द गोपनीयतेसाठी दाखवतच नाही, आणि आमच्यासारख्या छोट्या साइटचे बरेच शब्द तसेच असतात. सरासरी क्रमांक बघून तर अजिबात निर्णय घेऊ नका, वेगवेगळ्या जागच्या माणसांची ती मिसळ असते. बिझनेस प्रोफाइलचा उपयोग गणपतीत सर्वांत जास्त झाला. त्या दहा दिवसांत लालबागला पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा दुकानाच्या बदललेल्या वेळा तिथे टाकल्या की माणसांची फुकटची खेप वाचते. ‘जवळचं दुकान’ म्हणून बोरिवलीत शोधणाऱ्याला आम्ही दिसत नाही, कारण अंतर मोजलं जातं. ते बरोबरच आहे. पैसे देऊन रिव्ह्यू घ्यायचा सल्लाही आम्हाला मिळाला होता. बाबांनी तो ऐकूनही घेतला नाही.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात वसईहून एक काकू आल्या. करी रोडला उतरून, पाच किलोची पिशवी खांद्यावर. बाबांनी मूठभर मिरची घेऊन कानाजवळ दाबली, कुरकुर आवाज आला. देठ एकही नाही. ऊन न दाखवता थेट कांडपाला घेतली. मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘तुमच्या पानावर लिहिलंय तसंच केलं. पण खडा मसाला भाजून आणायचा की नाही, ते कुठे लिहिलेलं नाही हो तुम्ही.’

त्या रात्री पानावर दोन ओळी वाढवल्या. भाजून आणलात तर चालेल, पण पूर्ण गार करून मगच डब्यात भरा, नाहीतर आत वाफ धरते आणि मसाला लवकर खराब होतो.