नायट्रेट-फॉस्फेट टेस्ट किट: टँकसाठी मस्त, तलावासाठी जरा जपून

नागपूरच्या सीताबर्डीवरून १४५० रुपयांत आणली, कारण आमच्या तीन फुटी फिश टँकच्या काचा दर आठवड्याला शेवाळानं हिरव्या होऊन राहिल्या होत्या. नायट्रेट निघालं ८०, फॉस्फेट ५ (लिटरमागे मिलिग्रॅम), दोन्ही म्हणजे शेवाळाचं खतच. चूक आमचीच, मी दोन टाइम खाणं टाकतो आणि घरातलं कोणी ना कोणी येताजाता चिमूटभर टाकतंच. खाणं कमी केलं, पाणी बदललं, पंधरा दिवसांत काच साफ. त्यासाठी पैसे वसूल.

पण एक सांगतो, नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जीव खाऊन हलवा. खाली बसलेलं औषध मिसळलं नाही तर रीडिंग कमी येते, माझं पहिल्यांदा १० आलं आणि मी खुश! दुकानदारानं काही सांगितलं नाही, कागदावर बारीक इंग्रजीत आहे म्हणे. रंगही गॅलरीत उजेडात पाहा, ट्यूबलाइटखाली ४० अन् ८० सारखेच लाल दिसतात.

आता गंमत. घराजवळच्या तलावाचं पाणी आणलं, पालकाच्या पातळ भाजीसारखं हिरवंगार, फिल्टर पेपरमधून गाळून टेस्ट केली तर फॉस्फेट शून्य! तीनदा केली, तेच. शेजारचे काका म्हणाले, "मग पाणी चांगलंच आहे ना बाप्पा." नाही हो काका, किट फक्त पाण्यात विरघळलेलं फॉस्फेट मोजते, आणि ते शेवाळानं आधीच खाऊन पोटात घेतलंय, सांडपाण्यातलं, साबणातलं, निर्माल्यातलं सगळं. एकूण फॉस्फरस काढायला लॅबमध्ये नमुना ॲसिडमध्ये उकळावा लागतो. शिवाय कार्डावर शून्यानंतरचा रंग थेट ०.२५ चा, आणि तलाव हिरवा व्हायला लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम एकूण फॉस्फरसही पुरतो, मग ही किट काय दाखवणार!

आणि मासे मरतात ते फॉस्फेटनं नाही, ऑक्सिजन संपल्यानं. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच ओढून घेतं, मेलेलं शेवाळ कुजतानाही ऑक्सिजन जातोच, म्हणून पहाटे सगळ्यात कमी. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास असलं तर बरं, २ च्या खाली गेलं की बरेचसे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, मॉर्निंग वॉकवाल्यांनी पाहिलंच असेल. ऑक्सिजनची टेस्ट या किटमध्ये नाहीच, वेगळी घ्यावी लागते आणि ती पहाटे पाचला करा, दुपारी केली तर उगाच छान छान आकडे येतील.

अंबाझरी तलावातली जलपर्णीही हाच फॉस्फरस खाऊन वाढते, नुसती उपसून काय होणार, खाली गाळात साठलेला फॉस्फरस तळाचा ऑक्सिजन संपला की परत वर येतो. आणि नाग नदीचं पाणी तर कन्हान, वैनगंगा करत थेट गोसीखुर्द धरणाला पोचतं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार एक्स्पायरीसाठी कापला, सीलपॅक डब्यात चारच महिने बाकी होते, घेताना बाटलीच्या बुडाला पाहून घ्या.

काका आता दर रविवारी त्यांच्या बोअरचं पाणी घेऊन येतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५, त्यांचं ४० अन् ८० च्या मधात कुठंतरी येते, रंगावरून आमचं भांडण मिटेना म्हणून शेवटी लॅबला दिलंय.