जेट-स्की आणि तापीचं गढूळ पाणी: ओपन कूलिंग घ्यावं की क्लोज्ड?

खान्देशात जेट-स्की घेणारे मोजकेच. जे घेतात ते बहुतेक मुंबई-गोव्याकडून आलेलं सेकंडहँड मशीन बघत असतात, आणि फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, आपल्या उन्हात इंजिन तापणार नाही ना?" मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे ही भीती साहजिक आहे. पण उन्हाचा इथे फारसा संबंध नाही. मशीन पाण्यावर चालतं, आणि धरणाचं पाणी हवेइतकं कधीच तापत नाही. इंजिन तापतं ते पाणी आत पोचत नाही म्हणून. ते का पोचत नाही, याचं उत्तर आपल्याकडे समुद्रापेक्षा वेगळं आहे आणि खरेदीचा निर्णय त्यावरच ठरायला हवा.

हॉर्सपॉवर, सीट, टाकी किती लिटरची, हे तुम्ही बघितलेलंच असणार. मी फक्त कूलिंगबद्दल लिहितो. मी दोन्ही प्रकार चालवलेत, दोन्हींची कामं हाताने केलीत आणि सध्या माझ्याकडे क्लोज्ड आहे. तुमची गरज वेगळी असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकतं.

यामाहा आणि कावासाकीची मशीनं ओपन पद्धतीची. जेट पंप जे पाणी मागे फेकतो त्यातलंच थोडं दाबाने होजमधून इंजिनाकडे येतं, एक्झॉस्ट आणि ब्लॉकमधून फिरतं आणि बाहेर पडतं. सी-डू कंपनीच्या मशीनमध्ये पद्धत क्लोज्ड, म्हणजे इंजिनाचं कूलंट बंदिस्त असतं. ते मशीनच्या पोटाखाली मागच्या बाजूला असलेल्या अॅल्युमिनियमच्या राइड प्लेटमधून फिरतं. गाडीत रेडिएटर जे करतो ते इथे ही प्लेट करते, कारण ती कायम पाण्यात बुडलेली असते. मात्र क्लोज्ड म्हटलं तरी एक्झॉस्ट थंड करायला सी-डूलाही बाहेरचंच पाणी लागतं. विकणारा हे सांगत नाही आणि घेणाऱ्याला वाटतं की आता काळजी मिटली. इनटेकच्या जाळीत कचरा अडकला तर क्लोज्ड मशीनचा एक्झॉस्टही तापतो, बझर वाजतो आणि मशीन स्वतःहून वेग कमी करतं.

कागदावर पाहिलं तर ओपन पद्धत जास्त सरळ आहे. कूलंट नाही, हवा काढण्याची भानगड नाही, गळती शोधणं नाही. होज, क्लॅम्प, दोन-चार जोड, एवढंच. भुसावळच्या कुठल्याही बऱ्या मेकॅनिकला चित्र काढून दाखवलं की तो काम करतो. समुद्रावर मशीनं चालवणारे लोक यालाच पसंती देतात, आणि त्यांच्यापाशी नळाला गोडं पाणी असेल तर त्यांचं बरोबरच आहे.

आपल्याकडे गोष्ट बिघडते ती गाळामुळे. तापीच्या खोऱ्यातली माती काळी, चिकट आणि अतिशय बारीक. पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडतात तेव्हा खाली जाणाऱ्या पाण्याचा रंग बघितला असेल, तर मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. पाऊस संपल्यावर वरून पाणी निवळलेलं दिसतं, पण काठाजवळ मशीन चालू केलं की तळाचा गाळ पंप उचलतोच. वाळू असती तर ती जाळीला, पंपातल्या पंख्याला घासून तरी बाहेर गेली असती. ही माती इतकी बारीक की ती कुठेही अडत नाही, थेट इंजिनापर्यंत जाते आणि पाण्याचा वेग जिथे कमी होतो तिथे बसते.

माझ्या ओपन मशीनचा बझर भर वेगात वाजायचा आणि सावकाश चालवलं की बंद व्हायचा. जाळी स्वच्छ होती, पंखा ठीक होता. शेवटी एक्झॉस्टकडे जाणारी बारीक होज वळणापाशी काढून उभी चिरली. आत करड्या रंगाचा थर होता, ओल्या शाडूसारखा गुळगुळीत. बोटाने खरवडला तर बाहेरच्या बाजूला मऊ आणि रबराला चिकटलेला भाग वाळून कडक. मधून पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. एवढ्या वाटेतून सावकाश चालताना पाणी पुरतं, वेग वाढवला की पुरत नाही. मशीनमध्ये दोष काहीच नव्हता. ते समुद्राच्या पाण्यासाठी घडवलेलं आणि आपण तापीच्या पाण्यात चालवतोय, एवढंच.

यावर उपाय आहे आणि तो मॅन्युअलमध्येच लिहिलाय: गढूळ पाण्यात चालवल्यावर स्वच्छ पाण्याने फ्लश करा. माझा निर्णय नेमका इथे झाला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

धरणाच्या फुगवट्याकाठी नळ नसतो. टाकी न्यावी लागते, छोटा पंप लागतो, त्याला वीज किंवा जनरेटर लागतो. संध्याकाळी मशीन ट्रेलरवर चढवून, सगळे दमलेले असताना हे काम सुरू होतं. क्रमही चुकवता येत नाही. आधी इंजिन चालू, मग लगेच पाणी. थांबवताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलट केलं तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरपर्यंत जातं आणि पुढच्या स्टार्टला इंजिनाची वाट लागते. पाण्याशिवाय इंजिन १५ सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका, असं यामाहाचं मॅन्युअल सांगतं. म्हणजे पाइप धरणारा आणि चावी धरणारा असे दोघे हवेतच. माझ्यासोबतचा पोरगा पंपापाशी उभा राहून दर वेळी ओरडायचा, "दादा, पाणी येस का नही?" आणि मी मागच्या भोकातून धार पडतेय का ते वाकून बघायचो. गाळ नीट निघेपर्यंत हे चालू ठेवायचं. धार आधी चहासारखी येते, मग फिकट, मग स्वच्छ.

त्यातून टाकीत पाणी कुठलं? बोअरचं. केळीला ठिबक लावणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, आपल्याकडचं बोअरचं पाणी ड्रिपरच्या तोंडाशी काय करतं. तोच पांढरा क्षार गरम इंजिनाच्या आत बसतो. गाळ काढायला गेलो आणि क्षार ठेवून आलो, अशी गत. ठिबकच्या नळ्यांना देतात तसं अॅसिड इंजिनात सोडायचा सल्ला मला एकापेक्षा जास्त लोकांनी दिला. कृपा करून असं करू नका. ड्रिपरचं प्लास्टिक ते सहन करतं, इंजिनाचं अॅल्युमिनियम नाही. शेवटी मी फिल्टर केलेलं पाणी टाकीत भरायला लागलो आणि खर्चापेक्षा रोजची ती खटपट जास्त जड वाटायला लागली.

क्लोज्ड मशीनमध्ये फ्लश सुटत नाही, पण तो फक्त एक्झॉस्टचा असतो आणि लवकर आटोपतो. उलट तो लांबवायचाच नसतो: पाण्याबाहेर इंजिन २ मिनिटांपेक्षा जास्त चालवायची मुभा नाही, कारण ड्राइव्ह शाफ्टच्या सीलला पाणी मिळत नाही आणि राइड प्लेटही हवेतच असते. महत्त्वाचं म्हणजे एखादी संध्याकाळ फ्लश राहिला तरी ब्लॉकच्या आत गाळ जात नाही, क्षारही जात नाही. आत फक्त कूलंट. ही बेफिकिरी मला आमच्या पाण्यावर सोन्याहून जास्त वाटते.

आता क्लोज्डची दुसरी बाजू. राइड प्लेट खाली असते आणि आपल्या धरणांचे काठ दगडी. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की कालपर्यंत बुडालेला काळा दगड आज वितभर पाण्याखाली असतो. त्यावर मशीन घासलं तर ओपन मशीनच्या तळाला ओरखडा पडेल, क्लोज्डच्या प्लेटला मात्र भेग जाऊ शकते आणि कूलंट हळूहळू गळतं. गळती बारीक असेल तर कित्येक दिवस कळत नाही. म्हणून गार इंजिनावर कूलंटची पातळी बघायची सवय लावावी लागते. गरम असताना टाकीचं झाकण उघडायचं नाही, हे गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. भर घालताना बोअरचं पाणी चालणार नाही, आणि हिरवं-गुलाबी जे मिळेल ते एकत्र ओतणंही नाही; कंपनीने सांगितलेलंच कूलंट. ते खान्देशात सहज मिळत नाही, मागवावं लागतं. प्लेट बदलायची वेळ आली तर पार्टची वाट बघण्यात मोसमाचा चांगला भाग जाऊ शकतो. ज्याला एवढी वाट बघणं परवडत नाही त्याने ओपन घेतलं तर मी त्याला चुकीचं म्हणणार नाही.

पाण्यातल्या कचऱ्याचा त्रास दोघांना सारखाच. जलपर्णीचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या, विसर्जनानंतरचं निर्माल्य, कोळ्यांच्या जाळ्याचा नायलॉन दोरा. यातलं काहीही जाळीत बसलं की पाण्याचा प्रवाह तुटतो. ओपनमध्ये त्याचा फटका थेट इंजिनाला बसतो, क्लोज्डमध्ये आधी एक्झॉस्टला. सी-डूने २०२२पासून काही मॉडेलांत पंखा उलटा फिरवून कचरा बाहेर टाकायची सोय दिली आहे. पण आपल्याकडे येणारी सेकंडहँड मशीनं बहुतेक त्याआधीची, तेव्हा तिच्या भरवशावर निर्णय घेऊ नका. दोरा शाफ्टला गुंडाळला गेला असेल तर अशी सोयही कामाची नाही, हाताने कापावाच लागतो.

बझर वाजला तर थ्रॉटल सोडा. ओपन मशीन असेल तर सावकाश चालू ठेवून पायलटच्या, म्हणजे इंजिनातून फिरलेलं पाणी बाहेर पडतं त्या, भोकातून धार येते का ते बघा. येत नसेल तर लगेच बंद. इंजिन बंद करून मशीन डावी-उजवीकडे जोरात हलवलं की जाळीतला हलका पाला बऱ्याचदा आपोआप खाली पडतो. खाली हात घालायचा असेल तर आधी मनगटाला बांधलेली किल चावी (जी निघाली की इंजिन बंद पडतं) काढून घ्या, याला अपवाद नाही. इंजिन खूप तापलं असेल तर त्यावर गार पाणी सोडू नका, त्याला आपोआप निवू द्या. आणि बंद पडलेलं मशीन बोटीने ओढून आणायचं असेल तर पंपाकडून इंजिनाला जाणारी होज चिमट्याने दाबून घ्या आणि सावकाश ओढा. ओढताना पाणी दाबाने आत शिरतं, ते बाहेर काढायला इंजिन चालू नसतं आणि मग तेच पाणी सिलिंडरमध्ये जातं.

मशीन टिकवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे खोल पाण्यात चालू करणं. यामाहा तळाखाली किमान ६० सेंटिमीटर पाणी मागते, सी-डू ९०. आपल्याकडच्या गाळात मी दोन्हींसाठी कमरेच्या वरचंच पाणी धरतो. मशीन ढकलत तिथपर्यंत न्यायचं, मग चावी. काठापाशी चालू करून चिखल उडवत निघालं की बघणाऱ्यांना मजा वाटते आणि पंख्याभोवतीची वेअर रिंग झिजते. ती झिजली की दाब उतरतो, आणि ओपनमध्ये त्याच दाबावर इंजिनाचं पाणीही चालतं. आवाज वाढतोय पण ओढ नाही, असं वाटलं तर कूलिंगही कमी झालंय हे ओपनवाल्याने समजून घ्यावं.

म्हणून माझा कल असा: मशीन वर्षभर तापी-गिरणेच्याच पाण्यात राहणार असेल, काठावर गोड्या पाण्याचा नळ नसेल आणि संध्याकाळी दोन माणसं हाताशी नसतील, तर क्लोज्ड. थोडे पैसे जास्त गेले तरी. तुम्ही मशीन ट्रेलरवर घालून दर सुट्टीत अलिबाग-दमणला नेणार असाल आणि घरी नळाखाली निवांत धुणार असाल, तर ओपन तुम्हाला स्वस्तात पडेल आणि मनस्तापही देणार नाही.

ओपन बघायला गेलात तर विकणाऱ्याला एक बारीक होज वळणापाशी काढायला लावा आणि बोट घालून बघा. क्लोज्ड असेल तर खाली झोपून राइड प्लेटवर हात फिरवा, खोल ओरखडा लागतो का ते पाहा, आणि कूलंटची पातळी खुणेपाशी पेनाने आखून ठेवा. मग मशीन पाण्यात उतरवून पंधरा-वीस मिनिटं चालवा, त्यातली काही भर वेगात. गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा. ट्रेलरवरच चालू करून दाखवतो असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. ट्रेलरवर मिनिटभर चालवून गाळाने बुजलेलं मशीनही नव्यासारखंच वागतं.