गाणं पोचवणं वेगळं, विकणं वेगळं: वितरण सेवा वर्षभर वापरल्यानंतर

मी मराठी गाणी लिहिते, चाली लावते आणि गाते. विक्रोळीला राहते. पाठीशी कुठली कंपनी नाही. मागच्या पावसाळ्यात पहिलं गाणं स्वतःच्या बळावर बाहेर काढलं आणि तेव्हापासून एका परदेशी वितरण सेवेची वार्षिक वर्गणी भरून गाणी स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन, यूट्यूब म्युझिक, इन्स्टाग्राम इथे पाठवते आहे. जोडीला बँडकॅम्प ही कलाकारांनी थेट गाणी विकायची वेबसाइट वापरली, आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी, म्हणजे गाणं वाजल्याचे पैसे, गोळा करणाऱ्या संस्थेची सभासद झाले आणि कार्यक्रमानंतर दाराशी टेबल मांडून गाणी विकली. सगळ्याचा अनुभव एकत्रच लिहिते, कारण यातली एकच गोष्ट घेऊन बसलं तर काहीच हाती लागत नाही.

माझं मत आधीच सांगते. वितरण सेवा गाणं पोचवायचं काम चोख करते. विकायचं काम ती करत नाही आणि ते करेल अशी आशा धरून वर्गणी भरू नये.

पोचवण्याबद्दल फार तक्रार नाही. डब्ल्यूएव्ही फाइल आणि ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी मुखपृष्ठ चढवलं की काही दिवसांत गाणं सगळीकडे दिसतं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला त्याची ओळख म्हणून १२ अक्षरी-आकडी आयएसआरसी क्रमांक मिळतो, तो मात्र लगेच आपल्या वहीत उतरवून ठेवा. पुढे सेवा बदलायची वेळ आली तर हाच क्रमांक नव्या ठिकाणी द्यावा लागतो, नाहीतर गाणं नवीन समजलं जातं आणि जमलेली ऐकणाऱ्यांची मोजणी शून्यावर येऊ शकते. वर्गणीच्या पद्धतीही नीट पाहून घ्या. डिस्ट्रोकिडसारख्या सेवा वार्षिक पैसे घेतात आणि रॉयल्टीतून काही कापत नाहीत. सीडी बेबी प्रत्येक प्रकाशनाचे एकदाच पैसे घेतं, पण कमाईतले ९ टक्के ठेवतं. वर्षाला एखाद-दुसरं गाणं काढणाऱ्याला दुसरी पद्धत परवडते. वार्षिक वर्गणी थांबली की गाणी खाली उतरू शकतात, आणि ती कायम राहावीत म्हणून वेगळे पैसे मागितले जातात. हा खर्च पहिल्या दिवशीच हिशोबात धरायला हवा.

त्रास झाला तो नावाचा. माझं नाव-आडनाव मुंबईत कुठल्याही चाळीत सापडेल असं. पहिलं गाणं एका ॲपवर भलत्याच गायिकेच्या पानावर जाऊन बसलं. तिची गाणी लग्नातली, जोरकस बँडवर वाजणारी, आणि त्यांच्याखाली माझं तानपुऱ्यावरचं संथ गाणं. चूक दुरुस्त व्हायला कित्येक आठवडे गेले आणि नव्या गाण्याचे पहिले दिवस, जे सगळ्यात मोलाचे असतात, ते तसेच वाया गेले. आता मी आजीचं नाव मध्ये घालून गाते. गाण्याच्या नावाचंही तसंच. देवनागरीत शोधणारे लोक कमी, बहुतेक जण रोमनमध्ये टाइप करतात, आणि नावात 'ण' किंवा 'ळ' आला की जो तो आपल्या मनाने लिहितो. रोमनमधलं एकच रूप ठरवून तेच मुखपृष्ठावर, रीलवर, व्हॉट्सॲपच्या मजकुरात सगळीकडे वापरलं, तेव्हा कुठे लोकांना गाणी सापडायला लागली.

स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवण्याची सोय स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स या कलाकारांसाठीच्या खात्यात आहे आणि ती फुकट आहे. प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी सुचवलं की ते तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीत जातं. मी चार आठवडे हातात ठेवते. तिथे भाषा, वाद्यं, भाव असे पर्याय निवडायचे असतात आणि गाण्याबद्दल ५०० अक्षरांत लिहायचं असतं. या ५०० अक्षरांवर मी गाण्याच्या कडव्याइतकी मेहनत घेते. 'हृदयस्पर्शी', 'वेगळा प्रयोग' असलं काही लिहीत नाही. कोण वाजवतंय, गाणं कशावर आहे, कुठे कुठे गाऊन झालंय, एवढंच. संपादक करतात त्या मोठ्या यादीत अजून माझं गाणं आलेलं नाही. तरीही सुचवणं सोडू नये. रिलीज रडारमधून येणारे लोक खरे असतात आणि पुन्हा येतात.

आता पैशांचं बोलू. स्पॉटिफायवर ३० सेकंदं ऐकलं की एकदा वाजल्याची नोंद होते. दर वाजण्याला ठरलेली रक्कम नसते. जमलेल्या पैशांतून हिस्सा मिळतो. आपल्याकडे वर्गणी स्वस्त आणि फुकट ऐकणारे पुष्कळ, म्हणून भारतातल्या ऐकण्याचे पैसे अमेरिका-युरोपातल्यापेक्षा बरेच कमी येतात. त्यात २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याला रॉयल्टीच मिळत नाही. मराठीत स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या-गाणाऱ्याला हा नियम जाचक आहे आणि तो मला मनापासून अन्यायाचा वाटतो. पाचशे जणांनी ऐकलेलं गाणंही ऐकलेलंच असतं.

मला काही जणांनी सल्ला दिला की ३० सेकंदांच्या आत मुखडा आला पाहिजे, आलाप काढून टाक. मी काढला नाही. ज्याला आलाप नको त्याला माझं गाणंही नको असेल.

वितरण सेवेकडे अमेरिकेचा डब्ल्यू-८बेन हा कराचा अर्ज भरून द्या. न भरल्यास तिथल्या उत्पन्नावर ३० टक्के कापले जातात. भरला तर भारत-अमेरिका कर-करारानुसार रॉयल्टीवर १५ टक्के. अर्ज दिसायला किचकट आहे, पण पॅन नंबर समोर ठेवून बसलं की होतो. हिशोब दोन-तीन महिन्यांनी मागून येतो. पैसे काढायला किमान रक्कम जमावी लागते, मग डॉलरचे रुपये होताना आणखी थोडे गळतात. माझ्या वर्षभराच्या स्ट्रीमिंगमधून वर्गणीही सुटलेली नाही. हे आकडे पाहून खचू नये म्हणूनच लिहिते आहे: ही कमाईची जागा नाही, ओळखीची आहे. कार्यक्रम ठरवणारा माणूस आधी फोनवर तुमचं नाव शोधतो आणि तिथे तुम्ही व्यवस्थित दिसायला हवं.

ज्या गोष्टीबद्दल फार कमी लोक बोलतात ती म्हणजे आयपीआरएस. १९६९ साली स्थापन झालेली ही संस्था मुंबईतच आहे, गीतकार आणि संगीतकार तिचे सभासद होतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि शब्द-चालीचा हक्क वेगळा. वितरण सेवा तुम्हाला देते ते ध्वनिमुद्रणाचे पैसे. तेच गाणं रेडिओवर, टीव्हीवर, मंचावर किंवा ॲपवर वाजतं तेव्हा शब्द आणि चालीचीही रॉयल्टी निघते, आणि ती या संस्थेमार्फत येते. तुम्ही सभासदच नसाल, गाण्याची नोंदच नसेल, तर ती तुमच्यापर्यंत यायला वाटच नाही. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सही करूनही सोडून देता येत नाही, इतकं भक्कम संरक्षण आपल्याला आहे. आणि तरी आपण नोंदणीचा अर्ज 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून ठेवतो! माझ्या ओळखीचे कितीतरी चांगले कवी आहेत, त्यांची गाणी लोक वर्षानुवर्षं गातात, आणि त्यांची एकाही ठिकाणी नोंद नाही. एखादं गाणं दोघांनी मिळून केलं असेल तर कुणाचा किती टक्के वाटा ते ध्वनिमुद्रणाच्या आधी लिहून दोघांनी सही करा. मैत्री आहे म्हणूनच करा.

यूट्यूबवर एक विचित्र प्रकार घडला. वितरण सेवेची कंटेंट आयडीची जादा सोय मी घेतली होती. दुसऱ्या कुणी आपलं गाणं व्हिडिओत वापरलं तर त्याचा माग लागावा म्हणून ती असते. पहिलाच दावा लागला माझ्या स्वतःच्या चॅनेलवर. आपलं चॅनेल त्या सेवेच्या सूट दिलेल्या यादीत घालून घ्यावं लागतं, आणि ते कुठेही ठळक लिहिलेलं नव्हतं. तानपुऱ्याचंही जपून. तयार रेकॉर्डेड तानपुरा किंवा लूप वापरला असेल तर तोच आवाज इतर हजारोंच्या गाण्यांत असतो. अशा गाण्यासाठी कंटेंट आयडी घेऊच नये, उगाच दुसऱ्यांच्या रियाजाच्या व्हिडिओंवर तुमच्या नावाने दावे लागतात. मी पुढच्या गाण्यांसाठी घरचा तानपुरा रेकॉर्ड केला, रात्री उशिरा, लोकलचा आवाज विरळ झाल्यावर.

पैसे घेऊन 'दहा हजार स्ट्रीम्स नक्की' म्हणणाऱ्यांचे मेसेज गाणं आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून येतात. त्यांना ब्लॉक करा. असे खोटे आकडे आढळले की स्पॉटिफाय ते वगळतं, वितरण सेवांना दंड लावतं, आणि सेवा तो कलाकाराच्या माथी मारून गाणं खाली उतरवतात. माझ्यासोबत वाजवणाऱ्या एका मुलाचं फार सुंदर गाणं असंच गेलं. त्याने स्वतः एक रुपया दिला नव्हता; कुणीतरी परस्पर ते बनावट यादीत घातलं होतं. महिनाभर तो पत्रांवर पत्रं लिहीत होता, उत्तरं यंत्राची येत होती.

बँडकॅम्प मला मनापासून आवडतं. किंमत आपण ठरवायची, डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतं, ऐकणारा पूर्ण दर्जाची फाइल स्वतःकडे ठेवतो आणि त्याचा ईमेल आपल्याला मिळतो. अडचण पैसे देण्याघेण्याची आहे. तिथले पैसे आपल्याला पेपालवर येतात आणि पेपालने भारतातल्या भारतात होणारे व्यवहार एप्रिल २०२१ पासून बंद केले आहेत. म्हणजे न्यू जर्सीतला भाचा माझं गाणं विकत घेऊ शकतो, दादरचा रसिक नाही. पण बँडकॅम्प डाउनलोड कोडही देतं. कोड टाकला की पैसे न भरता गाणी उतरवता येतात आणि एक कोड एकदाच चालतो. पैसे दुसरीकडे घ्यायचे आणि कोड हातात द्यायचा. मग मी हाच कोड कागदावर आणला.

गिरगावातल्या एका छोट्या छापखान्यात १६ पानांची पुस्तिका करून घेतली. मधोमध पिना मारलेली, आत सगळ्या गाण्यांचे शब्द, राग-तालाची एकेक ओळ, वाजवणाऱ्यांची, मिक्सिंग करणाऱ्याची पूर्ण नावं, आणि शेवटच्या पानावर कोडची चिठ्ठी. किंमत १५० रुपये. दादरला एका लहान सभागृहात आमचा कार्यक्रम झाल्यावर दाराशी टेबल मांडलं, यूपीआयचा क्यूआर चिकटवला. आत नेटवर्क येत नाही हे माहीत होतं म्हणून सुट्टे पैसेही आणले होते. एक आजोबा थांबले. "ताई, याची सीडी मिळेल का?" मी म्हटलं, "सीडी नाही काढली काका, पुस्तिका आहे, गाणी फोनवर उतरवता येतील." त्यांनी पुस्तिका चाळली, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरली आणि तबलेवाल्याचं नाव सापडल्यावर वळून मोठ्याने हाक मारली, "अहो, इकडे या जरा, इथे सही करा!" तबला गवसणीत घालत असलेला आमचा मित्र संकोचत आला. मग टेबलापुढच्या रांगेतल्या प्रत्येकालाच सगळ्यांच्या सह्या हव्या झाल्या. आजोबांनी दोन प्रती घेतल्या, एक पुण्याच्या बहिणीसाठी. त्या संध्याकाळी टेबलावर जमलेली रक्कम वर्षभराच्या सगळ्या ॲपांच्या मिळून झालेल्या रकमेपेक्षा जास्त होती.

तेव्हापासून माझं प्रसिद्धीचं काम उलट दिशेने चालतं. आधी कार्यक्रम, मग टेबल, आणि टेबलावर एक विनंती: माझा नंबर सेव्ह करा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप पोचतो. त्यामुळे नुसते नंबर गोळा करून भागत नाही, समोरच्याने तिथेच नाव घालून घ्यावं लागतं. माझ्या गाण्यांना सगळ्यात जास्त ऐकणारे याच याद्यांतून आले. रील्सनी पाहणारे दिले, पण तिथून पूर्ण गाण्यापर्यंत येणारे थोडे. तुमचं गाणं नाचतं-खेळतं असेल तर उलटंही होईल.

शिवाय ॲपं येतात-जातात. रेसो भारतात २०२४ च्या जानेवारीअखेर बंद झालं, त्याच वर्षी विंकही गुंडाळलं गेलं. त्याआधी २०१६ साली काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे कॅसेट-सीडींचं दुकान बंद झालंच होतं. दुकान कुणाचंही असो, गिऱ्हाइकांची यादी आपल्याजवळ हवी.

वर्गणी पुढच्या वर्षासाठी भरणार आहे. नव्याने सुरू करणाऱ्यांना क्रम सांगायचा तर आधी आयपीआरएसचा अर्ज, मग नावाचं रोमन रूप पक्कं करणं, मग वितरण सेवा, आणि पैसे उरले तर छपाई. जाहिरातीवर सध्या तरी काही घालू नका. माझी पुस्तिकेची दुसरी आवृत्ती दिवाळी पहाटच्या कार्यक्रमांसाठी छापायला टाकली आहे. या वेळी अक्षरं मोठी करून घेतली आहेत, काकांनी तशी सूचनाच केली होती.