एक्लिस्से की आतोल्लो? उशाशी ठेवायच्या दिव्याबद्दल

विको माजिस्त्रेत्ती या इटालियन डिझायनरचाच दिवा घ्यायचा आणि तो उशाशी ठेवायचा, इथवर तुमचं ठरलं असेल तर गाडी बहुधा दोन दिव्यांपाशी येऊन अडते: आर्तेमिदे कंपनीचा १९६५ चा एक्लिस्से आणि ओलूचे कंपनीचा १९७७ चा आतोल्लो. दोघांनाही इटलीतलं डिझाइनचं मोठं पारितोषिक, कोंपासो दोरो, मिळालेलं आहे. एकाला १९६७ साली, दुसऱ्याला १९७९ साली. तेव्हा त्या जोरावर काही ठरत नाही. किमतीच्या जोरावर ठरू शकतं, कारण सगळ्यात लहान आतोल्लोसुद्धा एक्लिस्सेच्या बराच वर जातो. पण पैशाचं गणित ज्याचं त्याने करावं. दोन्ही दिवे माझ्या घरात आहेत, त्यामुळे थोडा पक्षपात झालाच तर तो घरातल्या घरातच राहील.

आधी आतोल्लोचं कौतुक, कारण ते करावंच लागतं. खाली दंडगोल, त्यावर शंकू, त्यावर अर्धगोल घुमट. शाळेच्या भूमितीतले तीन आकार, चौथं काही नाही. शंकू आणि घुमट यांच्यामध्ये बारीक दांडी आहे, पण दिवा लागला की त्या उजेडात ती नजरेतून सुटते आणि घुमट अधांतरी राहतो. घुमटातला प्रकाश पहिल्यांदा शंकूवर उतरतो. शंकू लख्ख, त्याच्याखालचा दंडगोल मंद होत गेलेला. तीन आकार एकाच रंगाचे असूनही वेगवेगळे दिसतात ते त्यामुळे. माजिस्त्रेत्ती मुळात मिलानचा वास्तुविशारद, आणि हा दिवा टेबलावर एखाद्या लहान इमारतीसारखा उभा राहतो. बंद असतानासुद्धा खोली त्याच्याभोवती लावावीशी वाटते. घरी येणारा पाहुणा एक्लिस्सेकडे ढुंकून बघत नाही आणि आतोल्लोबद्दल विचारल्याशिवाय राहत नाही, हा माझा अनुभव.

एक्लिस्से त्या मानाने खेळण्यातला वाटतो. १८ सेंटिमीटर उंच, रंगवलेल्या पत्र्याचे तीन अर्धगोल: एक बूड, एक बाहेरची वाटी, आणि तिच्या आत फिरणारी दुसरी वाटी. आतली वाटी फिरवत नेली की बल्बला ग्रहण लागत जातं. आधी खंडग्रास, शेवटी कडेने उजेडाचं नुसतं कंकण. झडप लावलेल्या जुन्या चोरकंदिलावरून ही कल्पना सुचली आणि पहिलं रेखाटन मेट्रोच्या तिकिटावर झालं, असं सांगतात. मिलानची मेट्रो १९६४ साली सुरू झाली, म्हणजे तिकीटही तसं नवंच.

चांगली कल्पना टेलिफोनवरून सांगता आली पाहिजे, चित्र काढून दाखवायची गरज पडू नये, असं माजिस्त्रेत्तीचं म्हणणं होतं. या परीक्षेत दोघेही पास होतात, पण वेगवेगळ्या विषयांत. आतोल्लोचा आकार सांगितला की काम झालं. एक्लिस्सेच्या बाबतीत हाताने काय करायचं ते सांगावं लागतं. मला वाटतं, निवडीची खरी किल्ली इथेच आहे. एक दिवा बघायचा आहे, दुसरा वापरायचा. झोपायच्या खोलीत आपण दिव्याकडे बघत पडलेले असतो का? असतीलही काही लोक.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला ती सांगतो. ती कुठल्या माहितीपत्रकात नसते आणि दुकानात उभं राहून कळत नाही, कारण दुकानात आपण उभे असतो.

आतोल्लोचा घुमट खालून उघडा आहे. लहान आतोल्लो, म्हणजे उशाशी मावेल तो, ३५ सेंटिमीटर उंच आणि त्याच्या घुमटाचा व्यास २५. हिशेब केला तर घुमटाची कड टेबलापासून साधारण २२ सेंटिमीटरवर येते. उशाजवळचं टेबल बहुतेक घरांत गादीच्या पातळीला असतं. तक्क्याला टेकून बसलात तर डोळे त्या कडेच्या बरेच वर राहतात आणि सगळं छान दिसतं. पण जरा घसरून आडवे झालात, दिव्याकडे कूस केलीत, की डोळे कडेच्या खाली जातात आणि थेट घुमटाच्या पोटात बघायला लागतात. तिथे उघडा बल्ब. अधांतरी घुमट वगैरे सगळी जादू त्या क्षणी संपते. मी टेबल बदलून पाहिलं, दिवा लांब सरकवून पाहिला. कमी उंचीच्या टेबलाने त्रास कमी होतो, पण मग प्रकाश गादीच्या काठाखालीच राहतो आणि पुस्तक वाचता येत नाही. हा दिव्याचा दोष म्हणावा असं मला वाटत नाही. तो उभ्या किंवा खुर्चीत बसलेल्या माणसासाठी आखलेला आहे आणि मी आडवा होतो. पण रोज रात्री डोळ्यांवर हात धरून बटण चाचपडायचं, हे काही मला जमलं नाही.

हीच गोष्ट दिवाणखान्यालाही लागू आहे, जर तुमच्याकडे खाली बैठकीवर बसायची सवय असेल तर. सोफ्यावरून सुंदर दिसणारा आतोल्लो गादीवर मांडी घालून बसलेल्याच्या डोळ्यांवर येऊ शकतो. ठेवायच्या जागी आधी एखादा साधा दिवा त्या उंचीला धरून बघा, फुकटात कळेल.

दुधी काचेचा आतोल्लोही मिळतो. त्याच्यात अख्खा दिवाच आतून उजळतो आणि प्रकाश मऊ पडतो. डोळ्यांना तो नक्कीच सुसह्य आहे. पण तो सगळ्या खोलीला उजेड देतो, आणि शेजारी कोणी झोपलेलं असेल तर मऊ उजेड आणि कडक उजेड यांतला फरक त्या माणसाला समजावून सांगणं अवघड जातं. शिवाय काच. लहान मुलं असलेल्या घरात तिच्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

एक्लिस्सेचं तोंड आडवं उघडतं, आणि बाहेरची वाटी मागून पूर्ण बंद. दिवा थोडा वळवून तोंड पुस्तकाकडे केलं की पलीकडची बाजू अंधारात राहते. रात्री पाणी प्यायला उठायचं असेल तर वाटी जवळजवळ पूर्ण फिरवायची. कंकणाएवढा उजेड पेला शोधायला पुरतो. बरं, उजेड कमी-जास्त करायला यात इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. मोठ्या आतोल्लोच्या वायरवर त्यासाठी सोय असते, पण तिच्याशी जमणारा एलईडी बल्ब शोधावा लागतो, नाहीतर तो लुकलुकतो किंवा गुणगुणतो. एक्लिस्सेला असा खास बल्ब लागत नाही, कारण उजेड आडवायचं काम पत्राच करतो.

एक्लिस्सेची जुनी बदनामी तुम्ही ऐकली असेल: वाटी तापते, बोट भाजतं. २५ वॅटच्या तापणाऱ्या बल्बाच्या काळात ती खरीच होती. एवढ्याशा बंद पत्र्यात उष्णता कोंडणार, आणि फिरवायला कड धरायची तीच वाटीची. तीन-चार वॅटच्या एलईडीने हा प्रश्न जवळजवळ संपवला आहे. आता वाटी कोमट होते एवढंच. दिव्याच्या डिझाइनमधली चूक बल्ब बदलून सुटावी, असं नेहमी होत नाही. दुसरी एक बारीक कटकट मात्र कायम आहे. दिवा हलका, त्यामुळे एका हाताने वाटी फिरवायला गेलं की अख्खा दिवा सरकतो, बूड दुसऱ्या हाताने धरावं लागतं. निदान माझ्या दिव्याचं तरी असं आहे. भिंतीला लावला तर हेही मिटतं. तशी सोय त्यात आहे.

वायरवरचं बटण दोघांनाही. ते पलंगामागे पडणार, याबाबतीत दोघांमध्ये डावंउजवं करण्यात अर्थ नाही.

मग आतोल्लो कोणी घ्यावा? ज्यांच्याकडे कमरेएवढं कपाट किंवा लांब बैठं टेबल आहे, समोर खुर्च्या आहेत, आणि दिवा हलवायचा नाही, त्यांनी खुशाल घ्यावा. जमल्यास ७० सेंटिमीटरचा मोठाच, कारण घुमट अधांतरी दिसण्याची मजा त्या मापात खुलते. माझाही आता बाहेर कपाटावर आहे आणि तिथे त्याला तोड नाही. उशाशी मात्र, तुमची झोपायची पद्धत माझ्यापेक्षा फार वेगळी नसेल तर, मी एक्लिस्सेकडेच बोट दाखवेन. रंगात पांढरा घेतलात तर आतून परतणारा उजेड मला जरा जास्त वाटतो. नारिंगी जास्त देखणा.

इटलीहून पुण्या-मुंबईकडे नेणार असाल तर व्होल्टेज तेच, २३०. दोन गोल पिनांचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये जातो, पण ढिला बसतो, म्हणून तिथे पोचल्यावर बदलून घ्या. एक्लिस्सेला लागणारा ई-१४ मापाच्या आट्यांचा बल्ब आपल्या नेहमीच्या खुंटीवाल्या होल्डरचा नाही. सजावटीच्या दिव्यांच्या दुकानात मिळतो, पण लहान गोलच मागा; मेणबत्तीच्या आकाराचा लांबट दिला तर तो आतल्या वाटीला घासू शकतो.